बैलावर विमान, विमानावर बैल

गेल्या पोळ्याची गोष्ट. नान्नजच्या अलीकडे आमच्या एका गटाचं गाव आहे. तिथल्या आमच्या एका सदस्य ताईंच्या दारात खिलार बैलांची जोडी आहे. पोळ्याच्या दिवशी बैल धुवून झाले, शिंगांना हिंगूळ लागला, शेंब्या चढल्या, गोंडे बांधून झाले. पाठीवर गेरूचे ठप्पे मारायचं काम बारावीला असलेल्या त्यांच्या मुलीकडे होतं. पोरीने एका अंगाला ठप्पे मारले आणि दुसऱ्या अंगाला गेरूने चांगलं हातभर विमान काढलं. आजी खवळल्या. "आगं, बैलावर इमान काय काढतीस?" पोरगी म्हणाली, "आजी, ती लोकं विमानावर बैल काढत्यात. मी बैलावर विमान काढलं तर काय झालं?"

आजींना ती थाप वाटली. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटली. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर विषय निघाला, हसणं झालं, आणि मग आम्ही दोघी-तिघींनी ठरवलं की हे शोधूनच काढायचं. त्यामागे आणखी एक कारण होतं, ते ओघात येईलच. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

पोरीचं म्हणणं खरं निघालं. आपल्या हवाईदलात विमानांच्या तुकड्या असतात, त्यांना स्क्वाड्रन म्हणतात. प्रत्येक तुकडीला नंबर असतो, नाव असतं आणि एक चिन्ह असतं. चौदा नंबरच्या तुकडीचं नाव 'बुल्स', म्हणजे बैल. १९७९ साली जॅग्वार नावाची लढाऊ विमानं पहिल्यांदा भारतात आली, ती अंबाल्याच्या तळावर याच तुकडीला मिळाली. जॅग्वार हासुद्धा दक्षिण अमेरिकेतला बिबट्यासारखा प्राणी. म्हणजे जनावराच्या नावाचं विमान आणि त्यावर दुसऱ्या जनावराचं चिन्ह. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग नांगर कोण ओढतंय?"

एक नंबरची तुकडी 'टायगर्स', वाघ. ही आपल्या हवाईदलाची पहिली तुकडी, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली. तीन नंबर कोब्रा म्हणजे नाग, पाच नंबर हत्ती, एकोणतीस नंबर विंचू, एकतीस नंबर सिंह. यादी वाचताना आम्हाला मुलांच्या अंकलिपीची आठवण आली.

आता पुण्याकडे या. लोहगावला आपण विमानतळ म्हणून जातो, पण तो मुळात हवाईदलाचा तळ आहे. तिथे सुखोई विमानांची तीस नंबरची तुकडी आहे, तिचं नाव 'ऱ्हायनोज', गेंडे. पुण्यात गेंडा कुठून आला? तर ही तुकडी १९६९ साली आसामात, तेजपूरला उभी राहिली. गेंड्यांचं काझीरंगा त्याच मुलखात. पुढे तुकडी गावोगाव फिरली, विमानं बदलली, माणसं तर दर दोन-चार वर्षांनी बदलतातच, पण गेंडा कायम राहिला. आम्ही बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, "म्हंजी माहेरची खूण म्हणा की." आम्हाला एवढं नेमकं सुचलं नसतं.

तशीच एक माहेरची खूण चार नंबरच्या तुकडीकडे आहे. फाळणीच्या पाच वर्षं आधी, फेब्रुवारी १९४२ मध्ये ही तुकडी पेशावरला उभी राहिली. तिचं चिन्ह आहे उरियल, म्हणजे त्या डोंगरातला वाकड्या मोठ्या शिंगांचा रानमेंढा. महायुद्ध संपल्यावर ही तुकडी १९४६ मध्ये थेट जपानला गेली होती, हरलेल्या देशावर पहारा द्यायला. १९४७ साली देशाची वाटणी झाली. टेबलं-खुर्च्यांपासून विमानांपर्यंत सगळं वाटलं गेलं. पेशावर पाकिस्तानात गेलं आणि तुकडी भारताकडे राहिली. मेंढ्याचं चित्र तिने सोबत आणलं. आमच्या गटात धनगर वस्तीवरच्या दोघी आहेत. मेंढ्याला एवढा मान मिळाल्याचं ऐकून त्या खूश झाल्या.

सगळ्यात जास्त आवडली ती हत्तीची गोष्ट. ती जरा सावकाश सांगतो.

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं. कानपूरच्या विमानतळावर लिबरेटर नावाची अमेरिकन बनावटीची बाँब टाकणारी विमानं मोठ्या संख्येने पडून होती. चार इंजिनांची, अवाढव्य. युद्ध संपल्यावर ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या देशाकडे बाँब टाकणारं एकही मोठं विमान नव्हतं आणि नवं घ्यायला पैसा नव्हता. मग बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या सरकारी कारखान्यातल्या लोकांनी त्या भंगाराकडे नजर टाकली. एका विमानाचं चाक, दुसऱ्याचं पंख, तिसऱ्याचं इंजिन असं जोडत ती विमानं निदान बेंगळुरूपर्यंत उडतील एवढी केली. त्या कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बेंगळुरूला उडवत नेली. विचार करा, ज्या विमानाची मोडतोड मुद्दाम केली आहे ते जुजबी ठाकठीक करून त्यात बसायचं आणि अर्धा देश ओलांडायचा. बेंगळुरूला त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं पुन्हा उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरला त्या विमानांची पाच नंबरची तुकडी सुरू झाली आणि तिचं नाव पडलं 'टस्कर्स', म्हणजे सुळेवाले हत्ती. एवढ्या अंगाच्या विमानाला दुसरं कुठलं जनावर शोभलं असतं? १९५१ मध्ये पुण्यात सहा नंबरच्या तुकडीलाही लिबरेटर मिळाली, समुद्रावर नजर ठेवायला. दुसऱ्यांनी टाकून दिलेली ही विमानं आपण १९६८ पर्यंत वापरली.

जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आम्हा बायकांना यात नवल वाटायला नको, पण वाटलं. सरकारी कारभारात कुणी तुकड्याला तुकडा जोडून वीस वर्षं संसार केला, हे ऐकायला बरं वाटतं.

आता ही चित्रं काढायची पद्धत आली कुठून? त्यासाठी पहिल्या महायुद्धाकडे, शंभर वर्षांहून मागे जावं लागतं. तेव्हा विमानं लाकूड आणि कापडाची होती. आकाशात दोन्ही बाजूंची विमानं सारखीच दिसत, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे कळायला खूण हवी. फ्रान्सच्या एका नामांकित तुकडीने करकोचा काढला. इटलीचा फ्रांचेस्को बराक्का नावाचा वैमानिक मूळचा घोडदळातला. त्याने आपल्या विमानावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा काढून घेतला. त्याने शत्रूची ३४ विमानं पाडली आणि जून १९१८ मध्ये तो स्वतः पडला. युद्ध संपायला तेव्हा पाच महिनेही उरले नव्हते.

त्याच्या आईचं नाव पाओलिना. पाच वर्षांनी, १९२३ मध्ये, मोटारींची एक शर्यत जिंकलेला एन्झो फेरारी नावाचा तरुण बराक्काच्या आईवडिलांना भेटला. तोच पुढे सांगत असे की त्या माऊलीने त्याला म्हटलं, माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाडीवर लाव, तुला लाभेल. आज जगातल्या महागड्या गाड्यांत फेरारीचं नाव घेतात, त्या गाडीवरचा काळा घोडा तो हाच. आपल्या पोरांच्या टी-शर्टवर, दप्तरावर तो कितीतरी वेळा आपण पाहिला असेल. तो मेलेल्या मुलाचा, आईने दिलेला घोडा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या, आणि त्या मुलीची आई उठून पाणी आणायला गेली.

दुसऱ्या महायुद्धात चित्रं आणखी भडक झाली. तुम्ही कुठे पाहिलं असेल, विमानाच्या नाकावर उघडा जबडा, पांढरे दात, लाल जीभ आणि वटारलेला डोळा. तो शार्क माशाचा जबडा. आधी जर्मनांनी काढला. त्यावरून उत्तर आफ्रिकेतल्या इंग्रजांच्या एका तुकडीने काढला. तिचा फोटो मासिकात छापून आला. तो पाहून ब्रह्मदेशात आणि चीनमध्ये जपान्यांशी लढणाऱ्या अमेरिकन वैमानिकांनी आपल्या विमानांवर काढला. त्या विमानाच्या नाकाखाली हवा आत घ्यायचं मोठं भोक होतं, त्यामुळे जबडा जणू मापाने बेतल्यासारखा बसला. गंमत म्हणजे तोंड माशाचं आणि टोळीचं नाव 'फ्लाइंग टायगर्स', उडते वाघ. त्यांच्यासाठी पंखवाल्या वाघाचं चित्र डिस्नी कंपनीच्या चित्रकारांनी काढून दिलं, म्हणजे ज्यांनी मिकी माऊस काढला त्यांनी. युद्धाच्या काळात या कंपनीने सैन्याच्या तुकड्यांसाठी हजारांवर चिन्हं काढून दिली.

याच अमेरिकन विमानांवर बायकांची अर्धवट कपड्यांतली चित्रंही असायची. एका नाकावर वाघ, एका नाकावर मासा, एका नाकावर बाई. घरापासून दूर, उद्याची खात्री नसलेली पोरं ती, कुणी म्हणेल एवढं मनावर घेऊ नका. आम्ही घेतलं. वाघ निदान पुढे बघून डरकाळी तरी फोडतो. पुढे त्या हवाईदलात बायका वैमानिक म्हणून आल्या आणि १९९३ मध्ये वरून हुकूम निघाला की बाईमाणसाला कमीपणा आणणारं काही विमानावर काढायचं नाही.

आपल्याकडे एवढा भडकपणा फारसा आला नाही. आपल्या लोकांची तऱ्हा वेगळी. २०१९ च्या दसऱ्याला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समध्ये पहिलं राफेल विमान ताब्यात घेतलं, तेव्हा त्यावर ॐ काढला, नारळ ठेवला आणि चाकाखाली लिंबं ठेवली. काही लोक हसले. आपण मात्र खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू लावतो, पिठाच्या गिरणीला हार घालतो. आम्हाला ते ओळखीचं वाटलं.

गोव्याला कधी सहलीला गेलात तर समुद्र पाहून लगेच परतू नका. बोगमाळ्याजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे जुनी विमानं मोकळ्या अंगणात उभी आहेत, अगदी जवळून बघता येतात. नौदलाची तीनशे नंबरची तुकडी म्हणजे 'व्हाइट टायगर्स', पांढरे वाघ. ती १९६० साली उभी राहिली. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत जहाजावरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले ते या तुकडीच्या सी हॉक विमानांनी. त्यानंतर १९८३ मध्ये गोव्यात सी हॅरियर विमानं आली. ती जागच्या जागी उभी वर चढत आणि तशीच खाली उतरत. २०१६ च्या मे महिन्यात तीही निवृत्त झाली. या दोन्ही जातींची विमानं त्या संग्रहालयात आहेत. आता आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान जातं, जून २०२५ पासून. आपल्याला एस.टी.च परवडते, पण सांगून ठेवतो.

चिलटाची गोष्टही राहू नये. 'नॅट' नावाचं एक अगदी छोटं लढाऊ विमान आपल्याकडे होतं. नॅट म्हणजे मराठीत चिलट. सगळे वाघ-सिंह एकीकडे आणि हे चिलट एकीकडे. पण १९६५ च्या लढाईत या चिलटांनी पाकिस्तानच्या सेबर विमानांना बेजार केलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी सहा सेबर श्रीनगरच्या विमानतळावर चालून आली, तेव्हा निर्मलजितसिंग सेखों एकटे नॅट घेऊन त्यांच्याशी भिडले आणि तिथेच गेले. हवाईदलात परमवीरचक्र आजवर या एकाच माणसाला मिळालं आहे. त्यांचा देह घरच्यांच्या हाती लागला नाही.

हे सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, मुलीच्या आईसमोर असलं बोलू नये. दुसरी म्हणाली, चित्रंच दाखवायची आणि हे लपवायचं हा खोटेपणा झाला. आम्ही सांगितलं.

कारण एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. त्या मुलीला हवाईदलात जायचं आहे. बैलावर विमान काढलं ते उगाच नव्हतं. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिथे बारावीनंतर परीक्षा देऊन जाता येतं. पूर्वी मुलींना दार बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २०२१ पासून मुलींना परीक्षेला बसता येऊ लागलं, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तिथून बाहेर पडल्या. हवाईदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. निवड झाली तर प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. खर्च आहे तो आधीचा, शहरात राहून क्लास लावायचा. त्यासाठी तिच्या आईने गटाकडे पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. घरात तिच्या वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. स्थळ आलेलं होतं.

कर्ज कशासाठी द्यायचं याचे आपले नियम आहेत. शेळी, मशीन, दवाखाना, शाळेची फी. एक मावशी म्हणाल्या, "शेळी मेली तर विमा मिळतो. पोरगी पास झाली न्हाई तर?" प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या बैठकीला मुलगी स्वतः आली होती. तिने मोबाइलवर २६ सप्टेंबर २०२५ चा व्हिडिओ दाखवला. चंदीगडला मिग-२१ विमानं निवृत्त झाली तो दिवस. यातली कितीतरी विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार झालेली. साठ वर्षांहून जास्त सेवा केली, नावाजली गेली आणि अपघातांमुळे बदनामही झाली. शेवटची विमानं तेवीस नंबरच्या तुकडीची होती. तिचं नाव 'पँथर्स', बिबटे. त्या दिवशी हवाईदलप्रमुखांच्या सोबत जे वैमानिक मिग घेऊन उडाले त्यात स्क्वाड्रन लीडर प्रिया शर्मा होत्या, राजस्थानच्या. मोबाइल हातोहात फिरला. आजी पण आल्या होत्या. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि विचारलं, "बिबट्या कुठं हाय?"

तो खरोखरच नीट दिसत नव्हता. आम्हीही मग लक्ष देऊन पाहिलं. आताची लढाऊ विमानं राखाडी असतात, आभाळात मिसळून जावीत म्हणून. भडक चित्र काढलं तर लांबून दिसणार आणि घात होणार. म्हणून चिन्ह लहान असतं, पुष्कळदा राखाडीतच काढलेलं. युरोपात वाघाच्या तुकड्या १९६१ पासून जत्रेसारख्या एकत्र जमतात आणि तेवढ्यापुरतं अख्खं विमान पट्ट्यापट्ट्यांचं रंगवतात, पण ते सणापुरतं. रंगाची सगळी हौस पाहायची तर आपल्या हवाईदलाच्या 'सारंग' हेलिकॉप्टरांवर पाहावी, अंगावर मोर काढलेली. २००४ पासून ती लोकांसमोर कवायती करून दाखवतात. ती खेळ दाखवणारी, त्यांना लपायचं नसतं.

बाकी जनावरं आता वैमानिकांच्या बाहीवर गेली आहेत, कापडी बिल्ल्यावर, दोऱ्याने भरलेली. हे कळल्यावर आमच्या शिवणगटातल्या बायका सरसावून बसल्या. गेंड्याच्या पाठीला कुठला टाका येईल, वाघाच्या पट्ट्याला कुठला, यावर अर्धा तास गेला. शाळेच्या गणवेशाचे बिल्ले आम्ही भरतोच. एकीने विचारलं, माळढोक कुठल्या तुकडीवर आहे? आम्ही पाहिलेल्या यादीत तो नव्हता. पंधरा किलोपर्यंत वजन घेऊन उडणारा पक्षी, त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झालं, आणि आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. आजींनी त्यांच्या तरुणपणी तो रानात चरताना पाहिलेला आहे. त्यांनी मान कशी ताठ ठेवतो ते करून दाखवलं.

मग कर्जाचं मत घेतलं. बारा जणींत नऊ जणींनी हात वर केला. शेळीवाल्या मावशींनी केला नाही, आणखी एकीने केला नाही. मुलीच्या आईनेही केला नाही. कर्ज तिनेच मागितलं होतं. सचिवांनी विचारलं, "ताई, तुमचं काय लिहू?" ती म्हणाली, "नऊ झाले न्हवं? तेवढंच लिहा."

पंधरा हजार, शेकडा एक रुपया व्याज, पंधरा हप्ते. पहिला हप्ता आजींनी भरला.